नाशिकने आपल्या गाणाऱ्यांचं गाणं तिकीट काढून ऐकावं

स्वतः लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं, असं करणारी तरुण मंडळी नाशिकमध्ये आता चांगल्यापैकी आहेत. सिडकोत, इंदिरानगरात, मखमलाबादच्या फ्लॅटमध्ये दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, भिंतीला गोधड्या टांगून ती गाणी रेकॉर्ड करतात. आठवड्याभरात गाणं सगळ्या ॲपवर चढतं. पूर्वीच्या गायकापुढे स्टुडिओचं भाडं आणि कॅसेट कंपनीचा दरवाजा हे दोन मोठे अडसर असायचे. ते दोन्ही आता दूर झाले आहेत. तरीही यांच्यापैकी कुणी स्वतःच्या गाण्यावर घर चालवताना मला दिसत नाही.

याचं कारण प्रतिभेत शोधू नये आणि तंत्रज्ञानातही शोधू नये. या मुलांना आपल्याच शहरात स्वतःचं गाणं म्हणायला जागा नाही, आणि ते गाणं पैसे देऊन ऐकायची सवय आपल्याला नाही. ती जागा महापालिकेने द्यावी आणि तिकीट आपण काढावं, असं माझं ठाम मत आहे.

कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत मी एका मुलीला बरेचदा ऐकलं आहे. निफाडकडची आहे, अंबडच्या एका कंपनीत नोकरी करते, शनिवारी संध्याकाळी इथे गाते. कॉफीच्या मशीनशेजारी उंच स्टूल, एक माइक, एक स्पीकर. मशीन वाफ सोडतं तेव्हा आवाज बुडतो, म्हणून तेवढा वेळ नुसती गिटार वाजवत राहायचं आणि वाफ थांबली की ओळ उचलायची, अशी तिने सवय लावून घेतली आहे. दोन तास गाते, आणि त्यातली जवळजवळ सगळी गाणी हिंदी सिनेमातली. फर्माईश टिश्यू पेपरवर लिहून येते. मालक सज्जन आहे, पैसे वेळेवर देतो. पण तिने स्वतःचं दुसरं गाणं सुरू केलं की काउंटरवरून हलकेच म्हणतो, ‘ताई, आता एखादं ओळखीचं घ्या ना.’ त्याला मी दोष देत नाही. त्याला टेबलं भरायची आहेत आणि लोक तिथे गप्पा मारायलाच आलेले असतात. पण एवढ्या मोठ्या शहरात तिला गाण्यासाठी असल्या कॅफेंखेरीज जागाच नसावी, हे मला सहन होत नाही.

कारण ते दुसरं गाणं ऐकण्यासारखं आहे. खरड छाटणीवर आहे. एप्रिलमध्ये द्राक्षबागेची खरड छाटणी करतात, वेल पार उघडीबोडकी होते आणि पुढच्या पिकाची काडी त्यानंतरच तयार होते. गाण्यातला बाप बागेत वेलीशी दिवसभर बोलतो आणि घरी आल्यावर मुलीशी बोलत नाही. चाल पाच-सहा स्वरांतच फिरते. सुरुवात दोन कॉर्डवर, जवळपास बोलल्यासारखी. वाक्य लांबलं तर ती ठेक्याला न जुमानता पुढे निघून जाते आणि पुढच्या समेला बरोबर येऊन मिळते. शब्द कुठे चेपलेला नाही, कुठे मात्रा भरायला ‘गं’ आणि ‘रे’ पेरलेले नाहीत. अंतऱ्याला मात्र ओवीचा ढंग येतो, आजीच्या तोंडून ऐकलेला. साडेतीन चरणांची ओवी, त्यातला शेवटचा अर्धा चरण ती गिटार थांबवून म्हणते. बाप जिथे बोलायचा थांबतो तिथेच वाद्य थांबतं. अशी कल्पना गाणं लिहिणाऱ्यालाच सुचते, कारण शब्द, चाल आणि गळा यांच्यात तिथे कुणी मध्यस्थ नसतो.

स्वतंत्र गायक-गीतकाराची शैली म्हणतात ती हीच. ती खोलीत बसून पूर्ण होत नाही. पन्नास माणसं गप्प बसून ऐकत असली की कळतं कुठला शब्द पोचला, कुठे ओळ एका श्वासाने लांब झाली, कुठला अंतरा नुसता भरीचा आहे. पुढच्या वेळी तो अंतरा गळतो. जुन्या तमाशाच्या फडात, कीर्तनात, जलशात गाणी अशीच घासून तयार झाली. आमच्या या मुलीला ती संधी वीस गाण्यांमागे एकदा मिळते, आणि तीही वाफेच्या आवाजात. उरलेला वेळ तिचा गळा दुसऱ्यांच्या हरकती पाठ करण्यात जातो. परवाच्या तिच्या नव्या गाण्यात मुखडा पहिल्या दहा सेकंदांतच आला आणि पुढे चारदा परत आला. गाणं वाईट नव्हतं, पण ते कॅफेला घाबरून लिहिलेलं होतं हे मला स्पष्ट ऐकू आलं. पोटासाठी निवडलेली जागा शैली कशी वाकवते, ते तिथे समजलं.

काही जाणकार म्हणतात की गिटार घेऊन स्वतःचं गाणं म्हणणं ही बाहेरची तऱ्हा आहे, आपल्याकडे कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. मला हे पटत नाही. ती विभागणी रेडिओ, ध्वनिमुद्रिका आणि सिनेमाच्या काळात पक्की झाली, आणि तिने भावगीतासारखी मोठी गोष्ट आपल्याला दिली हे खरंच. पण त्याआधी आणि त्यासोबतही आपल्याकडे लिहिणारा आणि गाणारा एकच असायचा. संत अभंग रचत आणि कीर्तनात स्वतः गात. शाहीर कवन रचत आणि डफावर स्वतः म्हणत.

आणि नाशिककरांना तर फार लांब जायला नको. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२चा. मुंबईत कष्टाची कामं करत मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेला हा माणूस पुढे हजारो गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि गावोगाव फिरून गातो. बाबासाहेबांचा विचार ज्या वस्त्यांत पुस्तक पोचत नव्हतं तिथे त्या गाण्यांनी पोचवला. २००४ साली ते गेले, नाशिकमध्येच. स्वतंत्र गायक-गीतकार म्हणजे काय, हे समजून घ्यायला यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. त्यांच्या मागे कंपनी नव्हती, सिनेमा नव्हता. गाणं आणि समोर बसलेली माणसं एवढंच भांडवल होतं.

वामनदादांच्या गाण्यात शेवटी बहुतेकदा ‘वामन’ हे नाव येतं. संतांच्या अभंगासारखीच ती नाममुद्रा. गाणं शंभर तोंडांतून फिरलं तरी कुणाचं आहे हे त्यातच शिवलेलं असायचं. श्रेय त्यामुळे टिकलं, पण त्या नाममुद्रेने पैसे आणले नाहीत. श्रीमंती या माणसाच्या वाट्याला कधी आली नाही. आज आपण त्यांच्या जयंतीला गाणी लावतो, चौकांना त्यांचं नाव देतो. ते करावंच. पण आत्ता, या वर्षी, देशवंडीच्याच रस्त्यावरच्या एखाद्या गावात कुणी आपलं गाणं लिहीत असेल तर त्याला आपण काय देतो?

आता पैशाचं पाहू. ॲपवर गाणं आलं म्हणजे कमाई सुरू झाली, असा घरच्यांचाही समज असतो. २०२४पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की मागच्या बारा महिन्यांत निदान १,००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. तो टप्पा ओलांडला तरी प्रत्येक ऐकण्याला ठरलेला दर नसतो. सगळ्यांच्या वर्गणीचा आणि जाहिरातींचा गल्ला एकत्र होतो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढे पैसे त्याला. म्हणजे कॅफेतल्या त्या मुलीच्या निफाडच्या मैत्रिणीने महिनाभर फक्त तिचीच गाणी ऐकली तरी त्या मैत्रिणीच्या वर्गणीचा मोठा भाग देशातल्या मोठ्या गाण्यांकडेच जाणार. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहणं लागतं, किंवा तीन महिन्यांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. आणि ॲपवर भरवसा ठेवून राहावं तर २०२४ या एकाच वर्षात रेसो आणि विंक ही दोन्ही भारतात बंद झाली. ज्यांनी तिथे श्रोते जमवले होते त्यांचे ते श्रोते एका रात्रीत गेले.

कायदा खरं तर गीतकाराच्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. सिनेमासाठी किंवा ध्वनिमुद्रिकेसाठी गाणं दिलं तरी रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा कुणाला लिहून देता येत नाही, असं त्या दुरुस्तीने ठरलं. रॉयल्टी गोळा करून वाटायला आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९पासूनची. स्वतंत्र गायक-गीतकार तर शब्दांचाही मालक, चालीचाही आणि रेकॉर्डिंगचाही. हक्क सगळेच्या सगळे त्याच्या खिशात. पण हक्काचे पैसे व्हायला गाणं कुठेतरी वाजलं पाहिजे आणि वाजवणाऱ्याने पैसे दिले पाहिजेत. आपल्याकडे गाणी सर्वांत जास्त वाजतात ती लग्नात, धार्मिक कार्यात आणि सरकारी समारंभात. नेमकं या तिन्हींना त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे. वरातीत गाणं वाजलं तर गाणाऱ्याला काही मिळत नाही. ती सूट काढा असं मी म्हणत नाही; लग्नघरावर पावतीपुस्तक घेऊन कुणी उभं राहावं हे मलाही नको. मात्र मग हिशोब उघड आहे. समोर बसलेल्या श्रोत्याने दिलेला पैसा हेच नव्या माणसाचं पहिलं आणि कित्येक वर्षं एकमेव उत्पन्न असणार.

यावर हमखास येणारं उत्तर: गाणं चांगलं असेल तर आपोआप चालतं, संजू राठोडचं चाललं की! जळगाव जिल्ह्यातला हा मुलगा, स्वतः लिहितो, स्वतः गातो, आणि २०२४मध्ये त्याचं मराठी गाणं देशभर रील्सवर वाजलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. उत्तर महाराष्ट्रातून, कुठल्याही मोठ्या सिनेमाच्या आधाराशिवाय हे झालं. खानदेशातल्या अहिराणी गाण्यांनीही यूट्यूबवर कोटींनी श्रोते मिळवले आहेत. पण ही गाणी नाचाची, लग्नाच्या मोसमाची आहेत, आणि रीलच्या वीस-तीस सेकंदांत त्यांची ओळख पटते. खरड छाटणीचं गाणं त्या वीस सेकंदांत मावत नाही. ते मावावं अशी अपेक्षाही करू नये. काही गाण्यांना नाचणारी माणसं लागतात, काहींना बसलेली. बसलेल्या माणसांची सोय इंटरनेट करू शकत नाही, ती शहरालाच करावी लागते.

जयपूरचा प्रतीक कुहाड पाहा. हळू आवाजाची, गिटारवरची गाणी. २०१९च्या अखेरीस बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं गाणं घातलं आणि सगळीकडे नाव झालं. लोकांना ती यादी आठवते. त्याआधीची कित्येक वर्षं तो दिल्लीत आणि इतर शहरांत लहान-लहान जागी गात होता, ते कुणी सांगत नाही. अशा जागा दिल्ली, मुंबई, बंगळुरूत आहेत, पुण्यातही आहेत. नाशिकच्या मुलाने पुण्याला जायचं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास, रात्रीचा मुक्काम, आणि ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन गावं अशा कार्यक्रमाला, तर अनेक ठिकाणी गाणाऱ्यालाच नोंदणीचे पैसे भरावे लागतात. ‘एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य ऐकून ही मुलं थकली आहेत. प्लंबरला कुणी असं म्हणत नाही.

आपल्या शहराला ऐकायची सवय नाही, असं कुणी म्हणालं तर मी मुळीच मान्य करणार नाही. गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला १९२२पासूनची. मे महिन्याच्या उकाड्यात माणसं पटांगणात बसून तासभर व्याख्यान ऐकतात आणि वक्त्याला प्रश्नही विचारतात. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला अंधारात येऊन जागा धरणारी माणसं याच गावची. कुसुमाग्रजांच्या गावात कवितेला श्रोता कमी पडला नाही. याच गावात पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपला रामनाम आधार आश्रम थाटला. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यांनी राजाश्रय मागितला नाही, लोकांच्या देणग्या आणि मैफलींचं उत्पन्न यांवर ते उभं केलं. गाणं दरबारातून काढून सामान्य माणसाच्या पदरी टाकणारा आणि सामान्य माणूस ते पोसेल असा विश्वास ठेवणारा हा गृहस्थ. इंद्रकुंडापाशी महापालिकेचं सभागृह आहे, त्याला नाव आहे पलुस्करांचंच.

म्हणून माझी मागणी त्या सभागृहापासून सुरू होते. कालिदास कलामंदिर या कामाचं नाही. शेकडो खुर्च्यांच्या नाट्यगृहात साठ श्रोते बसले की गाणारा आणि ऐकणारा दोघेही अवघडतात. लागते ती शे-दीडशे माणसांची खोली. महिन्यातून एक संध्याकाळ, आठवड्यातली अशी की नाटकवाल्यांना नकोच असते, मंगळवार म्हणा. त्या दिवशी भाडं माफ. एकच अट: गाणारा फक्त स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी म्हणेल. तिकीट शंभर-दीडशे रुपये, आणि गल्ल्यावर येईल ते सगळं गाणाऱ्यांचं. साठ माणसं आली तर सहा ते नऊ हजार होतात. दोघांत वाटले तरी प्रत्येकी तीन ते साडेचार हजार. एवढ्याने संसार चालत नाही हे मला कळतं. पण साधारण एका गाण्याचं मिक्सिंग त्यात भागतं, आणि ॲपवर हजारदा वाजून जे येईल त्याच्या कितीतरी पट ते जास्त आहे.

पालिकेकडे पैसे नाहीत, रस्त्यांचे खड्डे आधी बुजवा, असं म्हणणाऱ्यांशी माझा फारसा वाद नाही. खड्डे बुजवाच. एका रिकाम्या संध्याकाळचं भाडं सोडल्याने खड्ड्याची खडी कमी पडत नाही. दुसरा आक्षेप मात्र मी हलक्याने घेत नाही. सरकारी आसरा मिळाला की गाणं मिंधं होतं. पालिकेच्या सभागृहात पालिकेवरचं गाणं म्हणू देतील का? गोदावरीतल्या पाणवेलींवर आणि नाल्यांच्या पाण्यावर कुणी लिहिलं तर? वामनदादांची गाणी सत्तेच्या कृपेवर वाढली असती तर ती तशी झाली नसती, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी अनुदान मागत नाही, पुरस्कार मागत नाही, गाण्यांची निवड करणारी समिती तर अजिबात नको. शब्द आधी तपासायला द्या अशी अट आली तर ही योजना त्याच दिवशी गुंडाळावी. नोंदणी येईल त्या क्रमाने व्हावी आणि नावं फलकावर लागावीत, याहून पालिकेने काही करू नये.

कॅफेवाल्यांनी, गणेश मंडळांनी, कॉलेजच्या गॅदरिंग करणाऱ्यांनीही थोडं करायला हरकत नाही. ऑर्केस्ट्राला सुपारी देताना हात आखडता घेत नाहीत ती मंडळं त्याच रात्री अर्धा तास गावच्या गाणाऱ्याला देऊ शकतात, पण पैसे देऊन. आकाशवाणीच्या नाशिक केंद्राने आठवड्यातून एकदा अशी गाणी लावली तर प्रसारणाची रॉयल्टी तरी सुरू होईल. मुलांनीही आपली बाजू पक्की करावी: आयपीआरएसचं सदस्यत्व घ्यावं, प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्यावा, दोघांनी मिळून गाणं केलं असेल तर वाटा आधी कागदावर लिहावा. दोस्तीत हे राहून जातं आणि गाणं चाललं की दोस्ती तुटते.

सभागृहाबद्दल एक गोष्ट आधीच लिहून घ्यायला हवी. अनेक ठिकाणी आयोजक कार्यक्रमाचं चित्रीकरण करतात, आपल्या चॅनलवर टाकतात आणि गाणाऱ्याला ते वापरायलाही देत नाहीत. मंगळवारच्या त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण होईल ते गाणाऱ्याच्या मालकीचं, असं नियमावलीत पहिल्याच कलमात यावं. आणि साउंडवाल्याचे पैसे गल्ल्यातून कापू नयेत. सभागृहात दोन माइक, गिटार थेट साउंड सिस्टिमला जोडायला एक डीआय बॉक्स आणि गाणाऱ्याकडे तोंड केलेला एक मॉनिटर स्पीकर कायमचा असला की बाहेरून काही आणावं लागणार नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी पंचवटीत एवढं बांधकाम चाललं आहे, मंच उभे राहतील, बाहेरची मोठी नावं येतील. त्या अंदाजपत्रकात हे सामान बसवायला अजून वेळ आहे.